रेस्ट एपीआयचं लॉगिन होईना? पासवर्ड बदलायच्या आधी हे तपासा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो नाहीतर नवी पेठेतलं चादरीचं दुकान, वेबसाइट सुरू झाली की मालकांचं पुढचं म्हणणं ठरलेलं असतं, "बिलात माल कमी झाला की वेबसाइटवर पण आपोआप कमी व्हायला पाहिजे बघा." हे होतं रेस्ट एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी वेबवरून बोलायच्या ठरलेल्या रीतीने, आणि हे काम मग येतं नुकतंच कॉलेज संपवलेल्या पोरापोरींकडे. कोड लिहून होतो, पहिली रिक्वेस्ट जाते आणि उत्तर येतं ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. तिथून पुढचे दोन-तीन दिवस नुसते पासवर्ड बदलण्यात जातात, नवीन की (प्रोग्रॅमच्या लॉगिनची चावी) बनवायची, परत पेस्ट करायची, परत ४०१, मग एखादं प्लगिन बंद करून बघायचं, मग यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेली ओळ टाकून बघायची, आणि शेवटी चाललं तर कशामुळे चाललं हे कुणालाच सांगता येत नाही.

मी सोलापुरातच अशी जोडणीची कामं करतो आणि नवीन पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच की पासवर्ड बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तुमच्या मशीनवरून निघून सर्व्हरच्या आत पोचेपर्यंत तो मधेच कुठेतरी बिघडतो किंवा काढून टाकला जातो. म्हणून बदलत बसण्यापेक्षा तो कुठपर्यंत पोचला हे आधी शोधायचं. उदाहरणं जास्त करून वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावरचं दुकानाचं प्लगिन) यांची घेतलीत कारण आपल्याकडची छोटी दुकानं त्यावरच असतात, पण शोधायची रीत दुसऱ्या कुठल्याही सर्व्हिसला हीच. कमांड आणि हेडर (रिक्वेस्ट किंवा उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

सुरू करण्याआधी हाताशी काय काय हवं

- कर्ल, म्हणजे कमांड टाइप करून वेबवर रिक्वेस्ट पाठवायचं टूल. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आधीपासूनच असतो. फक्त जुन्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल टाइप केलं तर दुसरीच कमांड चालते, म्हणून कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण टाइप करा.
- पोस्टमन (रिक्वेस्ट पाठवून बघायचं ॲप) किंवा तसलं एखादं टूल. असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही.
- साधा टेक्स्ट एडिटर. वर्ड नको, वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो आणि ती कमांडमध्ये चालत नाहीत.
- साइटचा अचूक पत्ता. ब्राउझरमध्ये साइट उघडून वरच्या पट्टीतून कॉपी केलेला, आठवणीतून टाइप केलेला नाही.
- की आणि सिक्रेट, म्हणजे प्रोग्रॅमचं युजरनेम आणि पासवर्ड, आणि सोबत दोन गोष्टी ज्या कुणी विचारतच नाही: ती की कुठल्या युजरच्या नावावर बनवली आणि तिला परवानगी काय दिली.
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचा ॲक्सेस. तो बऱ्याचदा मालकांकडे नसतोच, ज्याने साइट बनवून दिली त्याच्याकडे असतो, त्यामुळे काम सुरू करायच्या आधीच मागून घ्या, अडल्यावर मागितला तर तो माणूस फोन उचलत नाही.
- त्या सर्व्हिसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन, निदान लॉगिनवालं पान.

की आणि सिक्रेट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. एक तर ते कायमचं चॅटमध्ये पडून राहतं आणि दुकानाच्या ग्रुपवर फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे पासवर्डात दोन स्टार असले तर मधली अक्षरं ठळक होऊ शकतात, मग स्टार दिसत नाहीत, आणि बघून टाइप करणारा ते गाळतो. शक्य असेल तर मालकांच्या शेजारी बसून त्यांच्याच लॉगिनमधून की बनवा आणि थेट आपल्या फाइलमध्ये घ्या.

पायरी १: तुमचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा, एकच रिक्वेस्ट हाताने पाठवा

प्रोग्रॅममधून चूक शोधायला गेलात की लायब्ररी, लूप, एक्सेलची फाइल सगळंच संशयात येतं. त्यापेक्षा कर्लने फक्त वाचायची, काहीही न बदलणारी एक छोटी रिक्वेस्ट पाठवा. वूकॉमर्स असेल तर /डब्ल्यूपी-जेसन/डब्ल्यूसी/व्ही३/प्रॉडक्ट्स, नुसतं वर्डप्रेस असेल तर /डब्ल्यूपी-जेसन/डब्ल्यूपी/व्ही२/युजर्स/मी. हा दुसरा पत्ता फार कामाचा आहे कारण तो फक्त "मी कोण" एवढंच सांगतो.

कर्लला हायफन स्मॉल यू देऊन की आणि सिक्रेट मधे कोलन ठेवून द्यायचं, आणि हायफन स्मॉल आय दिलं की उत्तरासोबत हेडरही दिसतात. इथे स्मॉलच आय, कॅपिटल दिलात तर कर्ल गेट ऐवजी हेड प्रकारची रिक्वेस्ट पाठवतो, उत्तराची बॉडीच, म्हणजे मुख्य मजकूरच, येत नाही आणि नेमका एररचा मजकूर बॉडीतच असतो. काय निघालं तेही बघायचं असेल तर हायफन स्मॉल व्ही.

की-सिक्रेटच्या भोवती लिनक्स, मॅक किंवा गिट बॅशमध्ये सिंगल कोट द्या. डबल कोटमध्ये डॉलरचं चिन्ह आलं की शेल त्याला व्हेरिएबल समजून गिळून टाकतं आणि तुमचा पासवर्ड अर्धा जातो.

कर्लने काम झालं तर आनंद आहे, मग गडबड तुमच्या कोडमध्ये आहे, थेट पायरी ४ वर जा. कर्लनेही नाही झालं तर क्रमाने पुढे.

पायरी २: नुसता आकडा वाचू नका, पूर्ण उत्तर वाचा

मला फोन येतो तो असा, "सर, चारशे एक येतंय." आणि पुढे काय लिहिलंय विचारलं की "ते बघितलं नाही." तिथेच तर सगळं लिहिलेलं असतं ओ.

४०१ आणि ४०३ मधला फरक कारखान्याच्या गेटवर उभं राहून बघा. ४०१ म्हणजे वॉचमन तुम्हाला ओळखतच नाही, ओळखपत्र दाखवा म्हणतोय. ४०३ म्हणजे ओळखलं, पण गोडाऊनमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही. त्यामुळे ४०३ ला पासवर्ड बदलून काहीच होणार नाही. ४२९ म्हणजे फार भराभर रिक्वेस्ट मारताय, रिट्राय-आफ्टर हेडर आलाय का बघा आणि तेवढं थांबा. ४०४ आलं म्हणजे पत्ताच चुकला असं लगेच धरू नका, काही सर्व्हिस मुद्दाम तसं करतात, गिटहबवर प्रायव्हेट रिपॉझिटरी बिनाओळखीची मागितली तर ४०४च येतं, ती आहे की नाही हेही कळू नये म्हणून. वर्डप्रेसमध्ये मात्र ४०४ आलं तर परमालिंकचं (पानांच्या पत्त्यांचं) सेटिंग प्लेन वर आहे का ते आधी बघा, डब्ल्यूपी-जेसनवाला पत्ता प्लेनमध्ये चालत नाही.

आता बॉडी. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स जेसनमध्ये (डेटा लिहायच्या एका साच्यात) एक कोड पाठवतात आणि तो वाचला तर अर्धा तपास तिथेच संपतो:

- "रेस्ट नॉट लॉग्ड इन": तुमची ओळख वर्डप्रेसपर्यंत पोचलेलीच नाही. पासवर्ड चूक की बरोबर हा प्रश्नच अजून आलेला नाही.
- "इनकरेक्ट पासवर्ड": पोचली, युजरही सापडला, पण ॲप्लिकेशन पासवर्ड जुळला नाही.
- "इनव्हॅलिड युजरनेम": युजरनेमच चूक.
- "वूकॉमर्स रेस्ट कॅनॉट व्ह्यू" आणि सोबत ४०१: एक तर हेडर पोचला नाही, किंवा कन्झ्युमर कीच त्या साइटवर नाही. स्टेजिंग (चाचणीच्या) साइटची की लाइव्ह साइटला लावली की हेच येतं.
- "कन्झ्युमर सिक्रेट इज इनव्हॅलिड": ही चांगली बातमी आहे. हेडर पोचला, की सापडली, फक्त सिक्रेट चुकलंय. सर्व्हरला हात लावू नका.
- "डझ नॉट हॅव राइट परमिशन्स": ओळख पटली, पण की फक्त वाचायची आहे. वूकॉमर्स इथेही ४०१च देतं, ४०३ नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आणि अजून एक. उत्तर जेसन ऐवजी एचटीएमएल आलं, म्हणजे अँगल ब्रॅकेटवालं पान आलं, तर बहुतेक वेळा ते एपीआयने दिलेलंच नसतं. मधली फायरवॉल, होस्टिंगचं सिक्युरिटी मॉड्यूल किंवा एखादं प्लगिन तुम्हाला बाहेरच अडवतंय. कंटेंट-टाइप हेडर बघितला की लगेच कळतं. अशा वेळी की बदलून उपयोग नाही, होस्टिंगवाल्यांशीच बोलावं लागतं.

पायरी ३: या सर्व्हिसला कुठल्या प्रकारची ओळख चालते ते नक्की करा

वेबसाइटवर लॉगिन होतं म्हणजे तोच आयडी-पासवर्ड एपीआयला चालेल हा सगळ्यात मोठा गैरसमज. गिटहबने १३ नोव्हेंबर २०२० पासून रेस्ट एपीआयला अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलं, टोकनच (पासवर्डऐवजी द्यायची बनवून घेतलेली स्ट्रिंग) लागतं. वर्डप्रेसला ५.६ व्हर्जनपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, ॲप्लिकेशन पासवर्ड आले, युजरच्या प्रोफाइलमध्ये खाली बनवायचे, २४ अक्षरांचे असतात, चार-चारच्या गटात स्पेस देऊन दाखवले जातात, ते स्पेस ठेवले काय काढले काय चालतं. युजरनेम मात्र त्या युजरचंच द्यायचं, पासवर्डला जे नाव दिलं ते नाही, हे खूप जण चुकतात.

वूकॉमर्सची की वेगळी. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, रेस्ट एपीआय इथे बनते, सीके अंडरस्कोर आणि सीएस अंडरस्कोरने सुरू होणारी जोडी मिळते, आणि सिक्रेट एकदाच दिसतं. नंतर यादीत कीची फक्त शेवटची सात अक्षरं दिसतात, त्यामुळे पान बंद करायच्या आधी सेव्ह केलं नाही तर नवीनच बनवा. आता यातली खोच: ही की फक्त वूकॉमर्सच्या पत्त्यांना चालते. चादरींचे फोटो वर्डप्रेसच्या मीडिया पत्त्यावर याच कीने चढवायला गेलात की ४०१, कारण तो पत्ता वर्डप्रेसचा आहे, त्याला ॲप्लिकेशन पासवर्ड पाहिजे. प्रॉडक्ट बनतात आणि फोटो जात नाहीत अशी तक्रार असली की मी पहिलं हेच विचारतो.

पेमेंटसाठी रेझरपे असेल तर आरझेडपी टेस्ट आणि आरझेडपी लाइव्ह असे दोन वेगळे संच असतात, की एका संचातली आणि सिक्रेट दुसऱ्यातलं असं कधीच जुळत नाही. कुरियरला शिपरॉकेट असेल तर तिथे वेगळा एपीआय युजर बनवावा लागतो, त्याने लॉगिन करून टोकन मिळतं आणि ते दहा दिवस चालतं. टोकन कोडमध्ये कायमचं चिकटवून ठेवलं की दहा दिवस सगळं छान आणि अकराव्या दिवशी मालकांचा फोन.

पायरी ४: हेडर निघतानाच बिघडलाय का ते बघा

ही पायरी सावकाश वाचा, सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो.

बेसिक पद्धतीत युजरनेम, कोलन, पासवर्ड असं जोडून त्याचं बेस६४ करतात आणि ऑथोरायझेशन हेडरमध्ये बेसिक शब्द, एक स्पेस आणि ती स्ट्रिंग अशी पाठवतात. बेस६४ म्हणजे कुलूप नाही, कुणीही उलटं करून वाचू शकतो, म्हणूनच एचटीटीपीएस शिवाय हे कधीही वापरायचं नाही.

कर्लचा हायफन यू हे स्वतः करतो. पण कोडमध्ये किंवा टर्मिनलवर हाताने बेस६४ केलं की दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, एको कमांड शेवटी नवी ओळ जोडते आणि तीही बेस६४ मध्ये जाते. सर्व्हरला मग पासवर्डच्या मागे एक न दिसणारं अक्षर मिळतं आणि तो नाही म्हणतो. एको ऐवजी प्रिंटएफ वापरा, किंवा एकोला हायफन एन द्या.

वूकॉमर्सच्या बाबतीत हे मोजून पकडता येतं. की ४३ अक्षरं, सिक्रेट ४३, मधे एक कोलन, एकूण ८७. ८७ ला ३ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे बेस६४ केल्यावर बरोबर ११६ अक्षरं आली पाहिजेत आणि शेवटी इक्वल टूचं चिन्ह असता कामा नये. तुमची स्ट्रिंग १२० अक्षरांची असेल आणि शेवटी कॅपिटल सी, स्मॉल जी आणि दोन इक्वल टू असतील तर नवी ओळ चिकटलीय, दुसरं काही शोधू नका.

दुसरी गोष्ट, लिनक्सची बेस६४ कमांड ७६ अक्षरांनंतर ओळ तोडते. छोट्या पासवर्डला हे कळतच नाही, पण आपली ११६ ची स्ट्रिंग ७६ आणि ४० अशा दोन ओळींत तुटते आणि हेडर मोडतो. हायफन डब्ल्यू शून्य दिलं की एकाच ओळीत येते.

पुढचा सापळा विंडोजचा. की नोटपॅडमध्ये ईएनव्ही फाइलमध्ये सेव्ह केली आणि ती फाइल लिनक्स सर्व्हरवर टाकली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न राहू शकतो. स्क्रीनवर काही दिसत नाही. कॅट कमांडला हायफन कॅपिटल ए देऊन फाइल बघा, ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसलं तर तोच. कोडमध्ये की वाचल्यावर दोन्ही बाजूंनी ट्रिम करायची सवयच लावून घ्या.

पायथॉनवाल्यांसाठी खास: रिक्वेस्ट्स लायब्ररी तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट नेटआरसी फाइल असेल आणि त्यात त्या होस्टची नोंद असेल तर तुम्ही हाताने लावलेला ऑथोरायझेशन हेडर बाजूला सारून त्या फाइलमधली ओळख पाठवते. तुमच्या लॅपटॉपवर चालत नाही आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालतं असं झालं तर ही फाइल बघा.

बेअरर टोकन असेल तर बेअरर आणि टोकनच्या मधे एक स्पेस, कोलन नाही, आणि टोकनच्या भोवती कोट नाहीत. जेसनमधून टोकन काढताना कोटसकट उचललं जातं, हे डोळ्याला पटकन दिसत नाही. आणि लॉगिनची रिक्वेस्ट फॉर्मसारखी पाठवत असाल व पासवर्डात अधिकचं चिन्ह असेल तर समोर त्याचा स्पेस होतो, म्हणून कर्लमध्ये डेटा-यूआरएलएनकोड वापरा.

पायरी ५: सर्व्हरवर पोचून पीएचपीपर्यंत जातोय का

मशीनवरून हेडर नीट निघाला, तरी उत्तर "रेस्ट नॉट लॉग्ड इन" किंवा "कॅनॉट व्ह्यू", तर आता सर्व्हर बघायचा. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) सीजीआय किंवा फास्टसीजीआय पद्धतीने चालत असेल तर अपाचे हा वेब सर्व्हर ऑथोरायझेशन हेडर पीएचपीला देतच नाही, हे त्याचं ठरलेलं वागणं आहे. शेअर्ड होस्टिंगवर हे सर्रास भेटतं.

वर्डप्रेस ५.६ पासून डॉट एचटीॲक्सेस फाइलमध्ये हा हेडर पुढे देणारी एक रीराइट रूल आपोआप लिहिली जाते. पण साइट जुनी असेल, फक्त अपडेट होत आली असेल, तर फाइल जुनीच राहिलेली असू शकते. उपाय अगदी सोपा, सेटिंग्जमध्ये परमालिंकच्या पानावर जा, काहीही न बदलता सेव्ह दाबा, फाइल नव्याने लिहिली जाते. त्याने नाही झालं तर अपाचे २.४.१३ किंवा पुढचं असेल तिथे सीजीआय-पास-ऑथ ऑन करता येतं, किंवा सेटएन्व्हइफची ओळ टाकता येते. फाइलला हात लावायच्या आधी तिची कॉपी ठेवा, एक अक्षर चुकलं तरी अख्खी साइट ५०० देते, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हा प्रयोग दुपारी करू नका, रात्री करा.

हेडर पोचतोय का याची खात्रीच करायची असेल तर दोन ओळींची पीएचपी फाइल सर्व्हरवर टाका जी पीएचपी ऑथ युजर भरलेला आहे की रिकामा एवढंच सांगेल. पासवर्ड छापू नका, फक्त हो किंवा नाही. तपास झाला की ती फाइल लगेच काढा.

वूकॉमर्समध्ये अजून एक कोपरा आहे. ते बेसिक पद्धत फक्त एचटीटीपीएसवर स्वीकारतं. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय, पण मधे प्रॉक्सी किंवा सीडीएन (रिक्वेस्ट घेऊन पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) असेल आणि तिथून पुढे सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी असेल तर वर्डप्रेसला वाटतं की साइट एचटीटीपीवर आहे, मग ते तुमच्या बेसिक हेडरकडे बघतही नाही. प्रॉक्सीपासून सर्व्हरपर्यंतही एचटीटीपीएस करणं हा खरा इलाज. ते होईपर्यंत डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर बघून एचटीटीपीएस ऑन धरायची ओळ टाकतात, पण तो हेडर तुमच्याच प्रॉक्सीकडून येतोय याची खात्री असेल तरच.

स्वतःचा एपीआय लिहिला असेल आणि हेडरचं नाव एपीआय अंडरस्कोर की असं ठेवलं असेल तर इंजिनएक्स हा वेब सर्व्हर अंडरस्कोरवाले हेडर मुळातच गाळतो, कुठलीही सूचना न देता. अंडरस्कोर काढून हायफन टाका, काम होतं.

पायरी ६: रिडायरेक्ट

पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे की नाही, शेवटी स्लॅश आहे की नाही, एचटीटीपी लिहिलंय की एचटीटीपीएस, याने फार फरक पडतो. साइट तुम्हाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवते आणि होस्ट बदलला की कर्ल सुरक्षिततेसाठी ऑथोरायझेशन हेडर पुढे नेत नाही. ते बरोबरच करतो, नाहीतर तुमची की कुठल्याही साइटला गेली असती.

याची दुसरी खूण अशी: तुम्ही नवीन प्रॉडक्ट बनवायला पोस्ट प्रकारची रिक्वेस्ट पाठवली, उत्तर २०० आलं, पण हातात आली सगळ्या प्रॉडक्टची यादी आणि नवीन काही बनलंच नाही. ३०१ किंवा ३०२ वर पोस्टचं गेट होऊन जातं म्हणून हे होतं. ३०७ आणि ३०८ वर होत नाही. उपाय एकच, शेवटचा पत्ता शोधून तोच कोडमध्ये लिहा, रिडायरेक्टवर विसंबू नका.

पायरी ७: घड्याळ बघा

दुकानातल्या जुन्या बिलिंग कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, लाइट गेली की तारीख मागे जाते, आणि बिल निघतंय म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्या मशीनवर तुमचा प्रोग्रॅम चालणार असेल तर आधी सर्टिफिकेटच्या एरर येतात आणि टोकनचा हिशेबही चुकतो. वूकॉमर्सला एचटीटीपीवर ओऑथ १.० ए (प्रत्येक रिक्वेस्टवर सही करायच्या) पद्धतीने जात असाल तर १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. नवीन सेल टाका, वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याचं सेटिंग चालू करा.

जेडब्ल्यूटी (आत मुदत वगैरे माहिती असलेल्या) टोकनमध्ये मुदत १ जानेवारी १९७० यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते. जावास्क्रिप्टचं डेट डॉट नाऊ मिलिसेकंद देतं, त्याला हजाराने भागायला विसरलं की मुदत भलतीच निघते. आणि तुमचा आकडा आणि सर्व्हरचा आकडा यात नेमका १९,८०० चा फरक दिसला तर ते साडेपाच तास आहेत, कुणीतरी भारतीय वेळ यूटीसी समजून टाकलीय. टोकन उलगडून बघायचं असेल तर आपल्याच मशीनवर बघा, चालू टोकन अनोळखी साइटवर पेस्ट करू नका.

पायरी ८: पोस्टमनमध्ये चालतंय, ब्राउझरमध्ये नाही

ब्राउझर दुसऱ्या डोमेनला हेडरसकट रिक्वेस्ट पाठवायच्या आधी ऑप्शन्स नावाची एक चाचणी रिक्वेस्ट पाठवतो आणि तिच्यात ऑथोरायझेशन नसतो. सर्व्हर तिलाच ४०१ देत असेल तर खरी रिक्वेस्ट निघतच नाही. पोस्टमन ही चाचणी करत नाही म्हणून तिथे चालतं. सर्व्हरवर ऑप्शन्सला ओळख न मागता उत्तर द्यायला लावा.

पण त्याआधी स्वतःला विचारा की ही की ब्राउझरमध्ये का आलीय. कन्झ्युमर सिक्रेट पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवलं म्हणजे एफ१२ दाबणाऱ्या कुणालाही दुकानाच्या ऑर्डर, गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन सगळं मिळतं. ती की सर्व्हरवरच राहिली पाहिजे, याला अपवाद नाही.

पायरी ९: परवानगी आणि युजर

४०३ येत असेल, किंवा ४०१ सोबत पायरी २ मधलं "डझ नॉट हॅव राइट परमिशन्स" येत असेल, तर इथे या. वूकॉमर्सची की बनवताना रीड, राइट, रीड-राइट असे पर्याय असतात, स्टॉक बदलायचा तर रीड-राइट. की ज्या युजरच्या नावावर आहे त्याचा रोल शॉप मॅनेजर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर आहे का बघा. जुन्या कामगाराच्या नावाने की बनवलेली असते, तो काम सोडून जातो, त्याचा युजर कुणीतरी काढून टाकतं आणि एका दिवसात सगळी जोडणी बंद पडते. एपीआयसाठी वेगळा युजर बनवा आणि मालकांना सांगून ठेवा की याला हात लावू नका.

पायरी १०: होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकताना

"एपीआय चालत नाही, लवकर करा" असं लिहिलं तर "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असंच उत्तर येणार. त्यापेक्षा एवढं लिहा: कुठला पत्ता, कुठली पद्धत, किती वाजता रिक्वेस्ट मारली आणि ती वेळ भारतीय की यूटीसी, तुमचा आयपी, उत्तराचा आकडा, उत्तराची बॉडी जशीच्या तशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "ऑथोरायझेशन हेडर आमच्याकडून निघतो, पीएचपी ऑथ युजर रिकामा मिळतो" हे वाक्य. या वाक्याने तिकीट पहिल्या फळीतून वर सरकतं. कर्लचं आउटपुट जोडताना ऑथोरायझेशनची ओळ खोडा, स्क्रीनशॉट असेल तरीही.

ते दुरुस्त करेपर्यंत काम अडलंच असेल तर वूकॉमर्स एचटीटीपीएसवर की आणि सिक्रेट पत्त्यातच क्वेरी म्हणून घेतं. तात्पुरतं म्हणून चालेल. पण पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिला जातो, म्हणजे सिक्रेटही लिहिलं जातं, त्यामुळे हेडर चालू झाला की ती की रिव्होक (रद्द) करून नवीन बनवा. तपासाच्या गडबडीत बनवलेल्या बाकीच्या कीही त्याच वेळी यादीतून काढून टाका, आणि जी उरेल तिच्या वर्णनात ती कशासाठी आहे ते लिहून ठेवा, "टेस्ट २ नवीन" नाही, "बिलिंगमधून स्टॉक अपडेट" असं.